अन्नाखालची अक्षरं

चीनच्या शेन्सी प्रांतातल्या फूफंग तालुक्यात ज्वांगबाय नावाचं खेडं आहे. 1976 च्या डिसेंबरात तिथल्या शेतात काशाच्या भांड्यांनी ठासून भरलेला एक खड्डा सापडला. भांडी 103 निघाली आणि त्यांतल्या सत्तरहून अधिक भांड्यांवर मजकूर होता. चार पिढ्यांचा एकाच घराण्याचा हा ठेवा. इ.स.पू. 771 मध्ये पश्चिमेकडच्या टोळ्यांनी चौ राजवंशाची राजधानी लुटली, तेव्हा पळून जाताना घरच्यांनी तो पुरला आणि परत येऊन उकरायला कुणी उरलं नाही, असं बहुतेकांना वाटतं. त्यातली एक पसरट परात आज जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. तिला शी छ्यांगची परात म्हणतात. व्यास साधारण 47 सेंटिमीटर, आतल्या तळावर 284 अक्षरं. विधीआधी हातांवर पाणी घालत आणि ते या परातीत पडे. म्हणजे ती वापरात असायची त्या वेळी चौ राजांची आणि शी छ्यांगच्या पूर्वजांची सगळी कहाणी पाण्याखाली असायची.

ही कहाणी लिहिली कुणासाठी, यावर माझं आणि माझ्या मामांचं कधीच एकमत झालेलं नाही. मामा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाले. नोंद, हद्द, साक्षीदार यांत त्यांचं आयुष्य गेलं. मी धर्मविधींचा अभ्यास करते. हा वाद आमच्या दोघांपुरता नाही. लोथार फॉन फाल्केनहाउझेन यांनी 1993 मध्ये मांडलं की हे लेख मुळात पितरांशी केलेलं बोलणं आहे, इतिहासकारांनी ते दफ्तर समजून वाचू नयेत. ली फेंग यांनी त्याला उत्तर दिलं की भांडी मेजवानीत, घरात, समाजात वावरत होती, ती जिवंत माणसं वाचत होती आणि कित्येक लेखांत पितर गौण आहेत. आमचं बोलणं झालं तसं पुढे देते आहे. दोन बाजू तोलून धरण्याचा प्रयत्न मी केलेला नाही.

मी : मामा, या घराण्यांना मजकूर लोकांना दाखवायचा असता तर तो भांड्याच्या बाहेरच्या अंगावर आला असता. बाहेर काय आहे? मोठ्या डोळ्यांचे मुखवटे, पक्षी, लाटांची नक्षी. अक्षरं मात्र आत. 'दिंग' म्हणजे मांसाचं पायांचं पातेलं, त्याच्या पोटात. 'ग्वे' म्हणजे शिजवलेल्या धान्याचं भांडं, त्याच्या तळाला. नाहीतर झाकणाच्या आतल्या बाजूला. अन्न वाढलं की अक्षरं अन्नाखाली जातात. हे अन्न ज्याच्यासाठी आहे, त्याच्यासाठीच ती अक्षरं आहेत.

मामा : भांडं काय सदासर्वकाळ भरलेलं असतं? घासून पुसून मांडून ठेवलं की आतलं सगळं दिसतं. आणि तूच मला दाखवलं होतंस की कित्येक लेखांत मित्रांना, सहकाऱ्यांना जेवू घालण्यासाठी हे भांडं केलं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. जेवायला जिवंत माणसंही होती.

मी : होती. पण जेवणाचा मान कुणाचा होता ते बघा. चौ काळातल्या पितृविधीत घरातलाच एक तरुण, बहुधा मृताचा नातू, पितराच्या जागी बसवत. त्याला 'शी' म्हणत. तो पितर म्हणून खायचा, प्यायचा आणि त्याचं पोट भरलं की पितराच्या वतीनं वंशजांना आशीर्वाद सांगितला जायचा. त्या क्षणी घरात पितर खरोखर आलेला आहे. त्याच्यासमोर ठेवलेल्या भांड्यात लिहिलेलं असतं की मी, तुमचा अमुक मुलगा, राजानं मला हे दिलं, त्यातून तुमच्यासाठी हे भांडं घडवलं, आता मला आयुष्य द्या आणि माझ्या लेकरांच्या लेकरांनी हे सदैव जपून वापरावं.

मामा : ते शेवटचं वाक्य म्हणजे ठरलेला मायना. आमच्याकडच्या कागदांच्या शेवटीही ठरलेला मजकूर असतो. तो आहे म्हणून वरचा तपशील खोटा होत नाही.

मी : खोटा म्हणत नाही मी. कुणासमोर सांगितला ते म्हणतेय.

मामा : आधी मला हे सांग की अक्षरं काढली कशी. छिन्नीनं?

हा प्रश्न मामांनी विचारला ते बरं झालं, कारण उत्तर दोघांच्याही उपयोगाचं आहे. शांग (चौच्या आधीची राजवट) आणि पश्चिम चौ काळातली बहुतेक अक्षरं कोरलेली नाहीत, ती भांड्याबरोबरच ओतलेली आहेत. आधी मातीचा नमुना करायचा. त्यावर ओली माती दाबून बाहेरचा साचा तुकड्यातुकड्यांनी काढायचा. आत मातीचा गाभा बसवायचा. साचा आणि गाभा यांच्यामधल्या फटीत तांबं, कथील आणि शिसं यांचा वितळलेला रस सोडायचा. भांड्यावर अक्षरं खोलगट हवीत, तर गाभ्यावर ती उठावाची आणि उलटी हवीत. मातीवर उलटी उठावाची शेकडो अक्षरं हातानं काढणं म्हणजे अशक्याजवळचं काम. म्हणून मातीच्या वेगळ्या वडीवर सुलटी अक्षरं कोरायची, त्यावर दुसरी माती दाबून उलटा ठसा घ्यायचा आणि तो गाभ्यात बसवायचा, असं काहीसं तंत्र असावं असं अभ्यासकांना वाटतं. शांघायमधल्या 'दा क दिंग' या मोठ्या पातेल्यात अक्षरांभोवती आखलेले चौकोन अजून दिसतात. कुणीतरी मातीवर आधी आखणी केली होती आणि ती आखणी काशात तशीच उतरली.

मामा : म्हणजे भट्टी पेटण्याआधी मजकूर पक्का झालेला. अक्षरं मोजलेली, ओळी आखलेल्या. आयत्या वेळी भक्तीनं सुचलेले शब्द नव्हेत हे. कुणीतरी मसुदा केला, कुणीतरी तपासला.

मी : हे मान्य. पण आता मागे घेता येणार नाही अशा ठिकाणी शब्द ठेवायचे होते, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मामा : त्यालाच मी दस्त म्हणतो. चल, सान घराण्याच्या परातीकडे ये. तैपेईच्या राजप्रासाद संग्रहालयात आहे ती. साडेतीनशेच्या आसपास अक्षरं. हा लेख मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्से नावाच्या राज्यानं सानच्या मुलखावर हल्ला केला, नुकसान केलं आणि भरपाई म्हणून जमीन द्यायचं ठरलं. पुढे काय आहे? हद्द! नदी कुठे ओलांडायची, मातीचा उंचवटा कुठे घातला, कुठलं झाड खूण म्हणून धरलं, कुठल्या वाटेनं वळायचं. माणसं प्रत्यक्ष चालत गेली आहेत त्या हद्दीवरून. मग हद्द दाखवणाऱ्या त्सेच्या पंधरा जणांची नावं. ती ताब्यात घेणाऱ्या सानच्या दहा जणांची नावं. मग शपथा. मी हे दिलं, आता माझ्या मनात सानबद्दल वाईट असेल तर हजाराचा दंड, हजाराची शिक्षा आणि मला हाकलून द्यावं. मग नकाशा. तो कुठल्या राजवाड्याच्या पूर्वेच्या अंगणात दिला तेही आहे. आणि शेवटी कराराचा डावा भाग कुणाकडे राहिला त्या लेखनिकाचं नाव. संपलं! आता तू मला यात पितर दाखव.

मी : नाहीत.

मामा : आशीर्वाद?

मी : नाही. लेकरांच्या लेकरांनी जपावं हेही नाही.

मामा : मग?

मी : मग ती परात तुमची. पण एक विचारते. कराराचा डावा भाग कुणाकडे तरी आहे, नकाशा कुणाकडे तरी आहे. म्हणजे खरा दस्त बांबूच्या पट्ट्यांवर होता आणि नकाशा कशावर तरी काढलेला होता. ते सगळं असताना पुन्हा काशात का ओतायचं? न्यायाला तर पट्ट्या पुरेशा होत्या.

मामा : पट्ट्या कुजतात.

मी : कुजेपर्यंत त्या कामाला येतात. कूज लागल्यानंतरही कुणीतरी वाचत राहील, असं ज्याला वाटतं तोच काशाकडे जातो.

मामांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की मोठ्या घराण्यांत भांडण दोन पिढ्यांनी पुन्हा उगवतं, तेव्हा काशाचा पुरावा घरात असलेला बरा. आणि ते स्वतः पुढच्या भांड्याकडे वळले, जे खरं तर मी काढणार होते.

1975 मध्ये छीशान तालुक्यातल्या दोंगजा गावी 37 भांड्यांचा दुसरा एक ठेवा निघाला. त्यातली चार एका माणसाची आहेत, त्याचं नाव छ्यू वेई. नावावरून तो राजाकडे कातडी आणि पोस्तीन यांच्या कामावरचा अधिकारी असावा असं मानतात. सरदार नव्हे, कामानं वर आलेला माणूस. त्याच्या तोटीच्या भांड्याच्या झाकणात, आतल्या बाजूला, जो मजकूर आहे त्यासारखं सामाजिक चित्र चौ काळातल्या कुठल्याही ग्रंथात मला आढळलेलं नाही. राजा फंग या ठिकाणी ध्वजाचा मोठा समारंभ करणार आहे. ज्यू बो नावाच्या सरदाराला तिथे हजर व्हायचं आहे आणि त्याच्याजवळ नजर करायला योग्य जेड नाही. तो वेईकडून जेडचा दंड घेतो. किंमत कवड्यांच्या 80 माळा. कवड्या देत नाही, दहा शेतं देतो. मग पुन्हा येतो. लाल जेडच्या दोन वस्तू, हरणाच्या कातड्याची दोन आच्छादनं, एक कातडी गुडघापट्टी. किंमत 20 माळा. तीन शेतं देतो. दरबाराच्या एका दिवसाच्या पोशाखासाठी तेरा शेतं गेली.

मामा : आणि हे तोंडी राहिलेलं नाही. वेईनं वरिष्ठांना कळवलं. पाच मोठ्या मानकऱ्यांनी तीन अधिकाऱ्यांना हुकूम केला की जमीन प्रत्यक्ष ताब्यात द्या. रीतसर हस्तांतर आहे हे.

मी : पण या लेखात हद्दी नाहीत.

मामा : यात नाहीत. त्याच वेईच्या, राजाच्या पाचव्या वर्षातल्या दिंगवर आहेत. उत्तरेला लीची जमीन, पूर्वेला सानची, दक्षिणेला सान आणि झंगफू यांची, पश्चिमेला पुन्हा लीची. चतुःसीमा! त्या प्रकरणात ली नावाच्या माणसानं पाच शेतं देण्याचं कबूल केलं होतं आणि दिली नव्हती. अधिकारी त्याला समोर उभं करून विचारतात, जमीन देण्याचं तू बोलला होतास की नाही? तो कबूल करतो. त्याच्याकडून शपथ घेतात. पुढे मोजून दिली जातात ती चार शेतं. हा कबुलीजबाब आहे गं. आमच्या कचेरीत तो असाच लिहून घेतला असता.

मी : आता दोन्ही लेखांचं शेवटचं वाक्य वाचा.

मामा : माहीत आहे मला.

मी : वाचाच. दोन्ही भांडी वेईनं आपल्या दिवंगत वडिलांसाठी केली आहेत. हा माणूस वडिलांना तेरा शेतांचा भाव सांगतोय. कवड्यांच्या किती माळा तेसुद्धा. लीनं कसं टाळलं आणि शेवटी कसं मान्य केलं तेही. मामा, पितरांसमोर फक्त स्तुती आणि गाणं ठेवतात अशी आपली समजूत आहे, म्हणून हा हिशेब आपल्याला दफ्तरासारखा वाटतो. वेईच्या दृष्टीनं जमीन वंशाची आहे आणि वंशाच्या सुरुवातीला बसलेले वडील त्या वंशाचे अजून सभासद आहेत. जमीन वाढली तर आधी त्यांना कळवायचं. त्यांना अर्धवट सांगून चालणार नाही, म्हणून भाव, नावं, हद्दी. पितर या व्यवहारातला एक पक्ष आहे. म्हणून लेख काटेकोर आहे.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की पितर जर पक्ष असेल, तर नोंद त्याच्या बाजूची झाली. आणि एका पक्षाच्या बाजूची नोंद ही नोंदच असते, फक्त दुसऱ्या बाजूचीही मागवावी लागते. इथून बोलणं खोटेपणावर गेलं, जे टाळणं शक्यच नव्हतं.

मी : शी छ्यांगच्या परातीकडे परत येऊ. पहिल्या भागात वन, वू, छंग, कांग, जाओ, मू असे राजे ओळीनं येतात. दुसऱ्यात त्याच्या घराण्याच्या पिढ्या. जाओ राजाबद्दल तिथे काय लिहिलंय? त्यानं दक्षिणेतल्या छू मुलखाला मोठ्या प्रमाणावर वठणीवर आणलं आणि दक्षिणेची वाट खुली केली. आता बाकीची साधनं बघा. 'बांबू इतिवृत्त' हा जुना ग्रंथ सांगतो की एकोणिसाव्या वर्षी हान नदीवर त्याचं सैन्य बुडालं. इतिहासकार सिमा छ्यान लिहितो की दक्षिणेला गेलेला राजा परत आलाच नाही आणि त्याचा मृत्यू जाहीर केला गेला नाही. इ.स.पू. 656 मध्ये, म्हणजे तीन शतकांनी, छी राज्याचा मंत्री छूच्या दूताला अजून विचारतो की जाओ राजा परत का आला नाही. तीनशे वर्षं न विसरलेला पराभव शी छ्यांगला माहीत नव्हता?

मामा : कदाचित त्याच्या घरी ठाऊक नसेल.

मी : त्याच खड्ड्यात त्याच्या आजोबांची भांडी आहेत. आजोबांचं नाव झ. त्यांच्यावर राजाचं एकोणिसावं वर्ष लिहिलेलं आहे आणि बहुतेक अभ्यासक ते जाओ राजाचंच एकोणिसावं वर्ष मानतात. त्या वर्षी राजानं झला एका सरदाराकडे जमिनीची देणगी पोचवायला पाठवलं आणि बक्षीस म्हणून धातू आणि माणसं दिली. ज्या वर्षी राजा नदीत गेला असं म्हणतात, त्याच वर्षाचं भांडं घरात आहे. शी छ्यांगच्या पदवीतला 'शी' हा वेगळा शब्द, म्हणजे राजदरबारचा लेखनिक. त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मामा : तरी त्यानं हार लिहिली नाही. बरोबर. पण तू जे घडलं ते लिहिलं नाही म्हणतेस आणि मी म्हणतो, जे लिहिलं ते तपास. मोहीम झाली होती का? झाली होती. दक्षिणेची वाट हवी होती का? तिकडच्या तांब्यासाठी हवी होती. फेरफाराच्या नोंदीत जमीन कुणाकडून कुणाकडे गेली एवढंच असतं. भाऊ का भांडले, आई का रडली, ते नसतं. म्हणून ती नोंद खोटी ठरत नाही. लाय नावाच्या माणसाची परात घे. 2003 च्या जानेवारीत मेई तालुक्यातल्या यांगजा गावात शेतकऱ्यांना माती काढताना सापडली, 27 भांड्यांमध्ये. 370 च्या आसपास अक्षरं आणि वन राजापासून श्वान राजाच्या काळापर्यंत चौ राजांची मालिका. सिमा छ्याननं हा क्रम सात शतकांनंतर लिहिला आणि तो या परातीशी जुळतो. ग्रंथावर विश्वास ठेवायचा की नाही, हे शेतातल्या एका परातीनं ठरवलं.

मी : लायच्या वडिलांनी कुठल्या राजाची सेवा केली?

मामा : ली राजाची.

मी : इ.स.पू. 841 मध्ये प्रजेनं ज्याला राजधानीतून पळवून लावलं, तो ली राजा. हद्दपारीतच मेला. परातीत एवढंच आहे की वडिलांनी त्याची सेवा केली. ही दोन मौनं मला एकसारखी वाटतात. शी छ्यांगच्या आजोबांनी बुडालेल्या राजाची चाकरी केली, लायच्या वडिलांनी पळून गेलेल्या राजाची. दोघांना जेवायला बोलावून त्यांच्यासमोर त्यांचा धनी हरला असं लिहायचं? जेवणाच्या भांड्यात? या मौनाचं कारण राजाच्या भीतीत शोधतात, मला ते घरातल्या आदरात दिसतं.

मामा : हे मात्र मला नवीन आहे. पण मग पराभव शोधायला दुसरीकडेच जावं लागणार.

मी : जावंच लागतं. एडवर्ड शॉनेसी यांनी 1991 च्या पुस्तकात नेमकं हेच मांडलं की हे लेख जसेच्या तसे सत्य मानता येत नाहीत, हेतू ओळखून वाचावे लागतात.

वाद इथे थोडा सैल झाला आणि राजाज्ञेच्या लेखांवर आम्ही दोघंही रमलो. सोंग नावाच्या अधिकाऱ्याच्या दिंगवर नेमणुकीचा सगळा सोहळा आहे. पहाटे राजा सभागृहात येऊन आपल्या जागी उभा राहतो. सोंगला दारातून आत आणतात, तो अंगणाच्या मध्यावर उभा राहतो. आज्ञेचा लेख अधिकारी राजाकडे देतो, राजा लेखनिकाला तो वाचायला सांगतो. वीस घरांच्या कोठारावर देखरेख करायची नेमणूक आहे, मग काळा झगा, लाल गुडघापट्टी, घुंगरांचा ध्वज, घोड्याचा लगाम. सोंग वाकून नमस्कार करतो, आज्ञेच्या पट्ट्या कमरेला बांधून बाहेर जातो, पुन्हा आत येऊन जेड अर्पण करतो. हेच शब्द त्याच्या इतर भांड्यांवरही आहेत. मामांच्या मते हा कचेरीच्या प्रतीवरून उतरवलेला मजकूर आहे, आणि त्यांचं खरं आहे. फक्त उतरवताना सोहळ्याचं वर्णन वाढवलं जातं, कारण पट्ट्यांवर झगा होता, पण सोंग तो कसा घेऊन आला हे नव्हतं. ते त्याच्या घरच्यांना हवं होतं, जिवंत आणि गेलेल्या अशा दोन्ही.

सापडण्याच्या जागेवर मात्र आमचा वाद नाही. ज्वांगबाय, दोंगजा, यांगजा ही गावं ठाऊक आहेत, खड्डे मोजलेले आहेत, कुठलं भांडं कशाशेजारी होतं ते नोंदलेलं आहे, म्हणून आजोबा आणि नातू यांची भांडी एकमेकांशेजारी ठेवून वाचता येतात. जिन सरदार सूच्या सोळा घंटांपैकी चौदा 1992 मध्ये शांघाय संग्रहालयाला हाँगकाँगच्या बाजारातून विकत घ्याव्या लागल्या. कबर चोरांनी फोडली होती. उरलेल्या दोन शान्सी प्रांतातल्या त्या कबरीत उत्खननात निघाल्या, नाहीतर चौदा घंटांचं मूळ गाव कायमचं हरवलं असतं. या घंटांवरचा मजकूर ओतलेला नसून कोरलेला आहे आणि कबरीतल्या दोन घंटा नसत्या तर त्याच्या खरेपणावर आयुष्यभर भांडणं झाली असती. युआन राजवटीत एका घरी शी ज्या नावाच्या सेनापतीची लेखयुक्त परात भाकरी भाजायला वापरत होते. एका जाणकाराच्या नजरेस पडली म्हणून ती वाचली. चोराच्या हातून माहिती जाते तशी ती अज्ञानानं गेली नाही, याचं मला समाधान वाटतं. चोराबद्दल मात्र राग आहे आणि तो लपवायचं कारण नाही.

शेवटी मामांनी हू नावाच्या माणसाच्या दिंगचा विषय काढला. ते भांडं आज नाही. छिंग काळात ते नष्ट झालं असं मानतात. ओला कागद अक्षरांवर दाबून, शाई फिरवून घेतलेला ठसा तेवढा उरला आहे आणि त्यातही ओळींची खालची टोकं गंजानं गेलेली आहेत. आधी राजानं हूला नेमणूक दिली ते आहे, मग वडिलांसाठी भांडं केल्याचं आहे, आणि पुढे दोन खटले आहेत. दुष्काळाच्या वर्षी क्वांग नावाच्या माणसाच्या वीस जणांनी हूचं धान्य चोरलं, त्याची भरपाई शेतं आणि माणसं देऊन झाली. दुसरा खटला पाच माणसांच्या खरेदीचा.

मामा : या पाच जणांची नावं लेखात आहेत. पेई, हंग, शंग आणि आणखी दोन, ज्यांची अक्षरं कशी वाचायची यावर मतभेद आहेत. तुझ्या पितराला ही नावं कशाला हवी होती? पितराला 'पाच माणसं' एवढं पुरलं असतं. नावं लागतात ती न्यायासनाला, म्हणजे उद्या कुणी दुसरीच पाच माणसं पुढे करू नयेत.

मी : तुमचं हे म्हणणं आजवरचं सगळ्यात वजनदार आहे. मी वेईबद्दल म्हटलं की पितर व्यवहारातला एक पक्ष आहे, म्हणून त्याला सगळं सांगायचं. इथे पाच माणसं व्यवहारातली वस्तू आहेत. हूच्या वडिलांना त्यांची नावं कळली. त्यांच्या स्वतःच्या वडिलांना कळवायला या पाचांकडे भांडं नव्हतं. हे सगळे लेख ज्यांच्याकडे धातू होता त्यांचे आहेत. दोंगजाच्याच ठेव्यातल्या दुसऱ्या एका भांड्यात एका गुराख्यानं आपल्या वरिष्ठाविरुद्ध तक्रार केल्याची शिक्षा आहे. हजार फटक्यांची शिक्षा कमी करून पाचशे फटके आणि तीनशे मापं धातूचा दंड. भांडं केलं ते वरिष्ठानं. गुराख्याचं म्हणणं काय होतं ते कुठल्याच काशात नाही.

मामा : म्हणून तर नाव महत्त्वाचं. तुझ्या विधीनं ते ठेवलं नाही, माझ्या दफ्तरानं ठेवलं.

मी : दोघांनी मिळून ठेवलं, मामा. न्यायासनानं नाव मागितलं, पट्ट्यांवर लिहिलं, त्या पट्ट्या कधीच कुजल्या. वडिलांच्या भांड्यात ओतलं गेलं म्हणून ठसा घेण्यापर्यंत टिकलं. पण ठसा बघताना मला पहिल्यांदा त्या पाचांची ओळ वाचावीशी वाटते, राजाची नव्हे. एक घोडा आणि रेशमाचा एक जुडगा, एवढ्यात पाच माणसं.

मामा : तेही शेवटपर्यंत टिकलं नाही. पुढचं वाच. समोरच्या पक्षानं घोडा आणि रेशीम परत केलं आणि मोबदला धातूत मागितला, शंभर मापं. तो मान्य झाला, मग माणसं हूच्या ताब्यात दिली गेली. त्या पाचांची किंमत दोनदा ठरली आणि लेखात दोन्ही किमती आहेत.